चिंचोक्यांची पाटी

चिखलदऱ्यात आषाढ लागला की धुकं दारात येऊन बसतं. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरचं हे गाव. पावसाळ्यात समोरचं घर दिसेनासं होतं आणि मुलांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नाही. अशा कोंडलेल्या दिवसांत वऱ्हाडातल्या घरांमधून एक पट मांडला जात आला आहे. खडूनं फरशीवर, नाहीतर कोळशानं ओसरीवर, पाच आडवी आणि पाच उभी अशी पंचवीस घरं आखायची. चारही कडांच्या मधल्या घरात आणि बरोबर मधोमध फुली मारायची. चिंचोके फोडून त्यांची दळं करायची, एक बाजू पांढरी आणि दुसरी तपकिरी. चार दळं जमली की कवड्या शोधत बसायला नको. अष्टा-चंगा सुरू.

दोन दळं पांढरी पडली की दोन घरं, तीन पडली की तीन. चारही पांढरी पडली तर चार, एकही नाही पडलं तर आठ. सहा-सात वर्षांचं मूल या पटावर बसलं की त्याला सतत हिशेब करावा लागतो. पुढची सोंगटी तीन घरांवर आहे, म्हणजे तीन हवेत, किंवा आधी दोन आणि मग एक. फुलीच्या घरात शिरलं तर कुणी मारू शकत नाही. चार दळं पडण्याच्या तऱ्हा एकूण सोळा. दोन्ही बाजू सारख्याच सहज पडतात असं धरलं, तर त्यांतल्या सहा तऱ्हांनी दोन पडतात आणि आठ मात्र एकाच तऱ्हेनं. संभाव्यता हा शब्द मुलाला कॉलेजात भेटेल, पण आठावर डाव लावायचा नसतो हे त्याला ओसरीवरच कळलेलं असतं.

मुलाचा अभ्यास व्हावा म्हणून घरच्या घरी खेळ तयार करणं ही आजच्या पालकांना नव्या काळाची कल्पना वाटते. तिला इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा धागा अमरावतीतून निघतो, गुजरात आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचा फेरा घेतो आणि पुन्हा मेळघाटात येतो. तो सगळा प्रवास एकाच प्रश्नाभोवतीचा आहे: शिकवणारा खेळ कशाचा बनवायचा, कुठल्या भाषेत, आणि कुणाच्या अंगणात?

शिकवण्यासाठी मुद्दाम रचलेल्या पटांमध्ये महाराष्ट्राला सर्वांत परिचित तो मोक्षपट. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. जैन आणि वैष्णव घरांमध्ये देशभर असे पट होते, कापडावर किंवा कागदावर हातानं रंगवलेले. घरांची संख्या एकच नव्हती. ७२ घरांचे पट आहेत, ८४ घरांचेही आहेत. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि प्रत्येक घरात नाव लिहिलेलं. दान पडलं, सोंगटी क्रोधाच्या घरात गेली आणि सापानं खाली आणली, की मुलाला तो शब्द वाचावा लागे आणि त्याचा अर्थ विचारावा लागे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला आणि सापशिडी होऊन परतला. परतताना त्याचे शब्द गळून गेले होते, फक्त एक ते शंभर आकडे राहिले. पण त्यामुळेच प्राथमिक शाळेच्या शिक्षकाला एक वेगळी सोय मिळाली. शंभर घरांचा तो तक्ता आज संख्यांचा क्रम, दहा-दहाच्या उड्या आणि पुढे-मागे मोजणं शिकवायला वापरला जातो. विषय बदलला तरी पटाची रचना टिकली.

गावच्या पंतोजींच्या शाळेत मात्र खेळाला जागा नव्हती. धूळपाटीवर बोटानं अक्षरं गिरवायची आणि संध्याकाळी रांगेत उभं राहून परवचा म्हणायचा. पाढे तीसपर्यंत, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. ही तयारी बाजारासाठी होती आणि त्या कामाला ती पुरी पडत असे. पावशेर, अदपाव, साडेतीन हात कापड यांचा भाव तोंडी काढणारा माणूस याच परवच्यातून तयार झाला. पण त्यात मुलाला स्वतःहून काही शोधायची मुभा नव्हती. चूक झाली ती गुरुजी सांगणार, आणि छडीनं सांगणार. ओसरीवरच्या पटावर मात्र चूक मुलाला स्वतःलाच दिसायची, कारण मोजणी चुकली की सोंगटी मरायची.

वऱ्हाडातल्या मुलींकडे असाच एक खेळ भुलाबाईच्या निमित्तानं येतो. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत रोज गाणी झाली की खाऊ ओळखायचा. डबा झाकलेला, आणि मुली एकेक प्रश्न विचारतात. गोड की तिखट? कोरडा की ओला? तळलेला की भाजलेला? आवाज ऐकायला डबा हलवून दाखवतात. प्रत्येक उत्तरानं अर्धे पदार्थ बाद होतात. वर्गीकरण करत करत उत्तराकडे सरकायची ही रीत विज्ञानाच्या वर्गात शिकवली जाते. इथे ती महिनाभर रोज, एका डब्यावर चालते. कागदाच्या चार चिठ्ठ्यांचा राजा-प्रधान-चोर-शिपाईही तसाच. हजार, आठशे, पाचशे, शून्य अशा गुणांची वही ठेवताना चार स्तंभांच्या बेरजा मुलं न सांगता करतात, आणि कुणी खोटी बेरीज केली तर बाकीचे तिघं लगेच पकडतात.

खेळ हेच शिक्षण, हा विचार शाळेच्या दारातून आत आला तो युरोपातून. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ च्या सुमारास लाकडी ठोकळे, गोल आणि काड्या यांचे संच तयार केले. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडलं. त्यांच्या साधनांमध्ये एक गोष्ट वारंवार दिसते: चूक साधनच दाखवतं. दट्ट्या चुकीच्या खोबणीत बसत नाही, मनोरा वाकडा झाला तर डोळ्यांना खुपतो. वाळूच्या कागदातून कापलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं की वळण बोटात उतरतं. आपल्या धूळपाटीशी याचं नातं जवळचं आहे, फक्त छडी वगळून.

अडचण होती किमतीची. ही साधनं सुताराकडून नेमक्या मापानं करवून घ्यावी लागत. मुंबईच्या एखाद्या सुखवस्तू घराला ती परवडली असती. खेड्यातल्या शाळेला, मजुराच्या घराला ती कशी परवडणार?

या प्रश्नाला ज्यांनी आयुष्य दिलं त्या ताराबाई मोडक काही वर्षं अमरावतीकर होत्या. १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या आणि अमरावतीच्या वकील मोडकांशी लग्न करून वऱ्हाडात आल्या. ते लग्न टिकलं नाही. १९२१ मध्ये ते संपलं. त्या काळातल्या शिकलेल्या स्त्रीलाही हा निर्णय किती जड गेला असेल, याची कल्पना करता येते. लहान मुलीची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्या राजकोटला स्त्रियांच्या अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या आणि तिथून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात पोहोचल्या. गिजुभाई वकिली सोडून शिक्षणात आले होते. त्यांचं ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक गोष्टी आणि खेळांनी वर्ग सुरू करणाऱ्या एका शिक्षकाची कहाणी सांगतं, आणि ते आजही शिक्षकांच्या हातात असतं. या दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला.

खरी कसोटी पुढे आली. १९४५ मध्ये ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. बालपणी लग्न, वयाच्या तेराव्या वर्षी वैधव्य, त्यानंतर शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई. दोघींनी बालवाडी उघडली, पण वस्त्यांवरची मुलं येईनात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत होतं, कुणी गुरांमागे जात होतं. मग ताराबाईंनी शाळाच मुलांकडे नेली. वस्तीतलं एखादं अंगण झाडायचं, मुलांचे हातपाय धुवायचे आणि तिथेच खेळ मांडायचे. या शाळेचं नाव अंगणवाडी. पुढे डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये काम सुरू झालं तेव्हा गुरं चारणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणात शाळा भरवली. तिचं नाव कुरणशाळा.

अंगणात आणि कुरणात लाकडी संच नेता येत नव्हते, आणि ते घेण्याइतके पैसेही नव्हते. मग गारगोट्या, शिंपले, बिया, पानं, काटक्या, मातीचे गोळे हीच साधनं झाली. दहा काटक्यांची मोळी बांधली की दशक तयार. सुट्या काटक्या एकक. मोळी सोडली की वजाबाकीतला हातचा डोळ्यांसमोर सुटतो. पानं लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावली की क्रम कळतो, आणि एखादं पान चुकलं तर रांगच सांगते. माँटेसरींच्या मनोऱ्यामागचं तत्त्व तसंच राहिलं, सामान मात्र झाडाखालचं झालं. स्वस्त पडतं एवढाच त्याचा फायदा नव्हता. ज्या बिया आई रानातून आणते त्या शाळेतही चालतात हे पाहिलं की वारली मुलाला शाळा परकी वाटेनाशी होई. याच सुमारास वर्ध्यात, १९३७ च्या परिषदेतून निघालेली नई तालीम टकळीवरच्या सुताच्या मोजणीतून गणित शिकवत होती. दोन्ही प्रयोगांची दिशा एकच होती: मुलाच्या हातात जे रोज असतं तिथून सुरुवात करायची.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी प्रयोग म्हणून सुरू केली. महाराष्ट्रात त्यासाठी निवडलेल्या जागा होत्या मुंबईची धारावी आणि अमरावती जिल्ह्यातलं धारणी. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके मिळून मेळघाट होतो. ताराबाईंनी अमरावती सोडली त्याला तेव्हा चोपन्न वर्षं झाली होती. त्यांच्या कामातून रुजलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी योजनेतल्या केंद्रांचं नाव होऊन त्याच जिल्ह्याच्या डोंगरात परत आला होता.

पण शब्द आला तसं सगळंच आलं नाही. १९९० च्या दशकात मेळघाटाचं नाव बालमृत्यू आणि कुपोषण यांमुळे देशभर गेलं. अंगणवाडी म्हणजे वजनकाटा, पूरक आहार आणि लसीकरण, अशीच ओळख घट्ट झाली. मुलाचा जीव वाचवणं पहिलं, यात वाद नाही. मात्र अंगणातला खेळ त्या धावपळीत मागे पडला. शिवाय मेळघाटात त्या खेळापुढे एक प्रश्न होता, जो पंतोजींच्या शाळेला कधी पडला नव्हता.

तो प्रश्न भाषेचा. मेळघाटातल्या बहुसंख्य मुलांची घरची भाषा कोरकू. ती मराठीची बोली नाही, हिंदीचीही नाही. झारखंड-ओडिशातल्या मुंडारी, हो, संथाली यांच्या मुंडा कुळातली ही सर्वांत पश्चिमेकडची भाषा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून सात लाखांहून अधिक लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसं. रेव्हरंड जॉन ड्रेक यांनी तिचं व्याकरण इंग्रजीत लिहिलं आणि ते १९०३ मध्ये कलकत्त्यात छापलं गेलं. मेळघाटातलं मूल शाळेत गेलं की मात्र समोर मराठी पुस्तक येतं.

शिकवणारा खेळ रचू पाहणाऱ्यासाठी इथे अभ्यासाचा मोठा साठा आहे. कोरकूत वाघाला कुला म्हणतात, पाण्याला डा, घराला उरा. या भाषेत एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये द्विवचनही आहे. दोन माणसांसाठी वेगळं रूप, अनेक माणसांसाठी वेगळं. संस्कृतातलं द्विवचन मराठीनं केव्हाच टाकलं. म्हणजे ‘एक, दोन, पुष्कळ’ ही विभागणी कोरकू मूल बोलायला लागल्यापासून करत असतं. उलट मराठीतला तो-ती-ते हा भेद त्याच्या भाषेत नाही. कोरकूत सजीव आणि निर्जीव असा भेद चालतो. त्यामुळे ‘नदी आला’ म्हणणारं मूल आळशी नसतं, आपल्या भाषेच्या नियमानं चालत असतं. त्याला रागावून काही साधत नाही. त्याला हवा असतो एक असा पट, जिथे चूक स्वतःला दिसेल आणि डाव पुन्हा खेळता येईल.

मेळघाट ज्या सातपुड्यात आहे त्याच्याच पलीकडच्या उतारावर, जिथे कोरकू वस्त्या आहेत त्या तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ मध्ये १६ शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याचा एक प्रयोग सुरू झाला. १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्कोतून एक वर्षाची रजा घेऊन अरविंद गुप्ता नावाचे अभियंते तिथे आले. आठवडी बाजारातून हिंडताना त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी दिसली. तिचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनी आकार बांधले. चार काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, तीन काड्यांचा त्रिकोण जागचा हलत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतो, हे मुलाच्या दोन बोटांना समजतं. पुढे गुप्ता पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी करत राहिले. त्यांची पुस्तकं मराठीतही आली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बोर्डी-कोसबाडच्या बिया आणि बाजारातली रबरी नळी यांच्यात तीस-एक वर्षांचं अंतर आहे, पण दोन्हींमागची नजर एकच. आधी मुलाचा परिसर नीट पाहायचा आणि मग हाताला लागेल त्यातून साधन करायचं.

मेळघाटातही ही नजर घेऊन माणसं आली. पुण्याची ‘मैत्री’ ही संस्था बालमृत्यू रोखण्याच्या धडक मोहिमेतून इथे पोहोचली, चिलाटीसारख्या गावात राहून काम करू लागली आणि मग मुलांच्या शिक्षणाकडे वळली. तिच्या शंभर दिवसांच्या शाळेत शहरातले स्वयंसेवक पाळीपाळीनं येऊन राहतात, आणि गावातलेच तरुण गावमित्र म्हणून उभे असतात. बाहेरून आलेला माणूस पत्ते कापू शकतो, पट आखू शकतो. कुला म्हणजे वाघ हे त्याला गावमित्र सांगतो. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी फरश्यांवर तक्ते रंगवून आणि खडे-बिया मांडून वर्गाचा चेहरा बदलला. तो बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं खेळातून शिकण्याला मान्यता दिली, आणि २० फेब्रुवारी २०२३ रोजी खेळणी, कोडी, बाहुल्या आणि चित्रपत्ते असलेला ‘जादुई पिटारा’ देशासमोर आला. शंभर वर्षांपूर्वी ज्यासाठी ताराबाईंना नोकरी आणि गाव बदलावं लागलं, ते आता धोरणाच्या कागदावर आहे.

ही पेटी दिल्लीत भरली जाते तेव्हा तिच्यात चिखलदऱ्याच्या मुलाचे शब्द असायची शक्यता कमी. ते काम घरी, अंगणवाडीत, शाळेच्या ओट्यावरच व्हायला हवं. त्याला लागणारं सामान या डोंगरात भरपूर आहे. पळसाच्या पानांचे तीन द्रोण: एक ‘तो’, एक ‘ती’, एक ‘ते’. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यांचे चोवीस पत्ते, त्यांवर मुलानं स्वतः काढलेली चित्रं: वाघ, नदी, घर, अस्वल, विहीर, झाड. पत्ता उचलायचा, ‘वाघ आला’, ‘नदी आली’, ‘घर आलं’ असं पुरं वाक्य म्हणायचं आणि पत्ता त्या द्रोणात टाकायचा. प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात एक, दोन किंवा तीन छोटे ठिपके असतात. डावाच्या शेवटी द्रोण उलटायचे. एका द्रोणातल्या सगळ्या पत्त्यांवर सारखेच ठिपके असले तर बरोबर, एखादा वेगळा दिसला तर मूलच तो बाजूला काढतं. मोठ्यांनी तोंड उघडायची गरज पडत नाही. गणितासाठी मोहाच्या नाहीतर टेंभराच्या बिया, दहा-दहाच्या पुड्या आणि ओसरीवरचा तोच पंचवीस घरांचा पट. फुलीच्या घरात पोहोचायचं तर आधी एक बेरीज सांगायची, एवढा एकच नियम वाढवायचा. एका खेळात एकच नवी गोष्ट ठेवली, तर मूल खेळ सोडून उठत नाही.

पत्ते तयार करताना एक अडचण मराठी बोलणाऱ्या आईला, ताईला किंवा गुरुजींना हमखास येते. समोरच्या बाजूला चित्र आहे, खाली मराठी शब्द आहे. मागच्या बाजूला कोरकू शब्द हवा, आणि तो त्यांना येत नाही. मग पत्ता मुलाकडे द्यावा लागतो. मूल शब्द सांगतं. तो देवनागरीत कसा लिहायचा यावर दोघांचं बोलणं होतं, मूल पुन्हा म्हणून दाखवतं, मोठं माणूस ऐकून एक अक्षर खोडतं आणि दुसरं लिहितं. बाहेर धुकं तसंच असतं. चोवीस पत्त्यांची मागची बाजू भरायला सगळी दुपार जाते, आणि त्या दुपारी प्रश्न विचारायची पाळी मोठ्यांची असते.